वहीत उतरलेली आजी



आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. आपल्या जळगावात एक विद्यापीठ आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलामुलींना पदवीचा कागद तिथून मिळतो. त्या विद्यापीठाला ज्या बाईंचं नाव दिलंय, त्या कधीच शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांना लिहिता येत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. ओळखा पाहू, कोण?

बरोब्बर! बहिणाबाई चौधरी. १९९० साली सुरू झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं.

त्यांची कविता तुम्ही मराठीच्या पुस्तकात केव्हा ना केव्हा वाचली असेल. पण आज मी तुम्हाला कवयित्रीबद्दल कमी आणि घरातल्या बहिणाबाईंबद्दल जास्त सांगणार आहे. कारण त्या आधी आई होत्या, मग आजी झाल्या, आणि 'कवयित्री' हे नाव तर त्यांना जगाकडून त्या गेल्यावरच मिळालं.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा. माहेर जळगावजवळचं आसोदे, घराणं महाजनांचं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरी आल्या. विचार करा, तेरावं वर्ष म्हणजे तुमच्यातल्या सातवी-आठवीच्या मुलीचं वय! पुढे त्यांना ओंकार आणि सोपानदेव हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी झाली. आणि तिशीतच त्यांचे पती नथुजी वारले. मुलं अजून लहान. घर बघायचं, शेत बघायचं, पोरांना वाढवायचं, सगळा भार त्यांच्यावर येऊन पडला.

अशा वेळी माणूस रडतो, थकतो. त्याही रडल्या असतील. पण त्या गात राहिल्या. आपल्या दारी आलेल्या ज्योतिषाला, 'माझं नशीब मला कळलंय, तू दारी येऊ नकोस,' अशा अर्थाचं सांगणारं त्यांचं एक गाणं आहे. केवढी हिंमत, नाही का!

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या कामातून गाणी रचायला त्यांना वेळ कुठून मिळायचा? अहो, गाण्यासाठी वेगळा वेळ काढलाच नव्हता! पहाटे जात्यावर बसायचं. जात्याला आपल्याकडे घरोट म्हणतात. एका हाताने खुंटा धरून दगडाची जड तळी फिरवायची, दुसऱ्या हाताने मूठ-मूठ दाणे टाकायचे. दगड फिरला की घरघर लय सुरू होते आणि त्या लयीवर शब्द बसत जातात. शेतातली पेरणी, विहिरीवरची मोट, सुगरण पक्ष्याचा खोपा, आखाजीचा सण, जे समोर आलं त्याचं त्यांनी गाणं केलं. जळगावात छापखाना आला, तर त्याचंसुद्धा!

पण मुलांनो, एक अडचण होती. जात्यावरचं पीठ डब्यात भरता येतं, जात्यावरचं गाणं कशात भरणार? गायलं आणि हवेत विरलं.

इथे त्यांचा मुलगा उपयोगी पडला. सोपानदेव शाळेत शिकत होते. त्यांनी एकदा पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो काय, आईने त्या गोष्टीचं गाणं रचलेलं! सोपानदेव चकित झाले. मग ते आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी जमेल तशी तिची गाणी वहीत उतरवून ठेवू लागले. सोपानदेव पुढे स्वतःही मोठे कवी झाले.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे तर वाचून थक्कच झाले! हे सोनं घरात झाकून ठेवायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक निघालं. छापखान्यावर गाणं करणाऱ्या बहिणाबाईंना स्वतःची छापलेली गाणी मात्र कधी पाहायला मिळाली नाहीत.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या बरं का. ती गाणी त्यांच्या बोलीतच छापली. 'हे शब्द गावठी आहेत, जरा शुद्ध करू या,' असं कुणी केलं नाही. केलं असतं, तर त्या गाण्यांमधला आसोद्याच्या मातीचा वासच उडून गेला असता. हे मी मुद्दाम सांगते. वर्गात मी पाहते, घरी आजीशी फाडफाड अहिराणी बोलणारी मुलं शाळेत तीच भाषा बोलायला लाजतात. लाजू नका! प्रमाण मराठी शिकाच, ती परीक्षेला आणि जगात वावरायला हवीच. पण आजीची बोली ही तुमची घरची मिळकत आहे.

तुमची आजी कविता करत नसेलही. पण तिच्याजवळ काहीच नाही, असं समजू नका. तिला विचारा: कळण्याची भाकरी कशी थापायची? खापरावरचे मांडे फाटू नयेत म्हणून काय करायचं? आखाजीला माहेरी आलीस की झोका कुठल्या झाडाला बांधायचे? लहानपणी तुला कशाची भीती वाटायची? पहिल्यांदा ती म्हणेल, "जाय रे, माझं काय ऐकतोस!" तिथे उठून जाऊ नका. तिच्यासोबत शेंगा सोलायला बसा. हाताला काम असलं की तोंडून गोष्टी निघतात.

आणि वही घेऊन बसा. ती जसं बोलेल तसंच लिहा. शब्द अडला तर तिलाच अर्थ विचारा. वर तारीख टाका, तिचं पूर्ण नाव लिहा. घरातली माणसं तिला आई, आजी, काकू म्हणतात. तिचं माहेरचं नाव किती जणांना माहीत असतं? लिहून झालं की तिला मोठ्याने वाचून दाखवा. ज्या बाईने सगळा जन्म दुसऱ्यांना वाढण्यात घालवला, तिला स्वतःचं बोलणं कुणीतरी जपलेलं ऐकून काय वाटतं, ते तिच्या चेहऱ्यावर पाहा.

आजी गावी असेल तर सुट्टीची वाट पाहू नका, फोन करा. आजी नसेल, तर शेजारची आजी आहेच. बहिणाबाईंची कितीतरी गाणी वहीत यायच्या आधीच हरवली. जी राहिली, ती घरातल्या एका शाळकरी मुलाच्या हातात पेन्सिल होती म्हणून राहिली.

तशी पेन्सिल तुमच्याही कंपासपेटीत आहे.