निवृत्तिवेतनाचा वाद आणि न मोजलेली वर्षे

गेल्या काही वर्षांत राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांचे जे लढे झाले, त्यांत १४ ते २० मार्च २०२३ चा संप सर्वांच्या स्मरणात असेल. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही त्या संपाची घोषणा होती. शाळा, कचेऱ्या आणि इस्पितळे या तिन्ही ठिकाणची माणसे त्यात एकत्र उतरली. र. ग. कर्णिकांच्या नेतृत्वाखाली १९७७ साली सुरू झालेला चौपन्न दिवसांचा संप ज्यांनी पाहिला, त्यांना त्याची आठवण झाली असल्यास नवल नाही. त्या वेळी मागणी केंद्राप्रमाणे महागाई भत्त्याची होती. या वेळी म्हातारपणाची. परंतु या सर्व गदारोळात आरोग्य खात्यातील कर्मचाऱ्यांचा जो खरा प्रश्न आहे, तो मात्र बाजूलाच राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जुनी व्यवस्था थोडक्यात सांगावयाची तर, कर्मचाऱ्याच्या पगारातून निवृत्तिवेतनासाठी कपात नसे आणि पुरेशी सेवा झाली की अखेरच्या पगाराच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर महागाईवाढ तहहयात मिळे. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्यसेवेत आलेल्यांसाठी ती बंद झाली. त्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यातून दहा टक्के कपात होऊ लागली, शासनाचा वाटा (आता चौदा टक्के) त्यात पडू लागला, आणि साठलेल्या पुंजीतील किमान चाळीस टक्के रकमेतून वर्षासन विकत घेणे भाग पडले. म्हणजे बाजाराची जोखीम शासनाच्या खांद्यावरून उतरून कर्मचाऱ्याच्या खांद्यावर आली. तिजोरीवरील भाराची शासनाने मांडलेली चिंता खोटी नव्हती. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला ते नाकारता यावयाचे नाही. तथापि निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीची खैरात नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात स्पष्ट केलेच होते.

आता याच २००५ सालातील दुसरी घटना पाहा. त्या वर्षी १२ एप्रिल रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांची त्यातून जी भरती झाली, ती मुख्यतः करारावर. मुदत संपली की नवा करार, नवी सही. एकीकडे कायम सेवकांचे निवृत्तिवेतन आखडले आणि दुसरीकडे ज्यांना त्याचा मागमूसही नाही असा सेवकवर्ग त्याच खात्यात उभा राहिला. करोनाच्या साथीत एकाच कक्षात, एकाच पाळीत या दोन्ही प्रकारच्या परिचारिका शेजारी शेजारी उभ्या होत्या. रुग्णाला त्यांच्यातील फरक कळण्याचे कारण नव्हते. आशा सेविकांची तर गोष्टच निराळी. त्यांना पगारच नाही, मोबदला आहे.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केलेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. राज्यानेही मार्च २०२४ मध्ये आपली सुधारित योजना जाहीर केली होती, आणि केंद्राचा निर्णय होताच तोही स्वीकारला. एकीकृत योजनेत पंचवीस वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी हमी आहे. दहा वर्षांहून अधिक परंतु पंचवीसांहून कमी असेल, तर त्या प्रमाणात.

येथेच मेख आहे. समजा, एक परिचारिका २००८ साली चोविसाव्या वर्षी करारावर लागली आणि २०२४ मध्ये चाळिसाव्या वर्षी कायम झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी ती निवृत्त होईल तेव्हा तिने चौतीस वर्षे रुग्णसेवा केलेली असेल. कागदावर मात्र अठराच. अखेरचे सरासरी मूळ वेतन साठ हजार धरल्यास तिला तीस हजारांऐवजी एकवीस हजार सहाशे मिळतील, आणि महागाईवाढही त्या कमी रकमेवरच. राज्याच्या सुधारित योजनेच्या अटी निराळ्या असल्या तरी तेथेही हिशेब अर्हताकारी सेवेचाच आहे. टक्का किती, यावर संघटनांनी रान उठविले ते योग्यच. परंतु कोणती वर्षे मोजावयाची, हा प्रश्न तितक्याच जोराने विचारला गेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अभियानातील कंत्राटी कर्मचारी संपावर गेले, तेव्हाही भर समायोजनावर होता. समायोजन झाल्यावर मागील वर्षांचे काय, हे त्याच वेळी लेखी ठरवून घ्यावयास हवे. नंतर कोणी दार उघडत नाही. (लेखकाचीही चार वर्षे तासिका तत्त्वावर गेली आणि ती कोठेच मोजली गेलेली नाहीत. त्यामुळे हे लिखाण सर्वस्वी तटस्थ नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.)

जे कायम आहेत त्यांनीही स्वस्थ बसू नये. सेवापुस्तक वर्षातून एकदा तरी डोळ्यांखालून घालावे. बदलीच्या वेळचे दिवस, बिनपगारी रजा, संपाचे ते सात दिवस यांची नोंद कशी झाली आहे, ते पाहावे. सेवाखंड म्हणून पडलेली एक ओळ तीस वर्षांनी महागात पडते. २००५ नंतरची कपात काही काळ राज्याच्याच हिशेबात होती आणि पुढे राष्ट्रीय योजनेकडे वर्ग झाली. ती व्याजासह आली की नाही, हे जुन्या वेतनचिठ्ठ्या ताडूनच कळेल. लग्नानंतर नाव बदललेल्या परिचारिकांचे नामनिर्देशन जुन्याच नावाने राहिल्याची उदाहरणे कमी नाहीत. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली आणि नेमणूक नंतर झाली, त्यांना जुनी योजना घेण्याची एकवार संधी देण्याचे जानेवारी २०२४ मध्ये ठरले. त्यांनी दिलेल्या विकल्पाची पोच आपल्यापाशी आहे ना, तेवढे पाहावे. नसेल तर तिची नक्कल आजच, लेखी अर्जाने मागावी आणि त्या अर्जावर आवक क्रमांक टाकून घ्यावा.