हट्ट्याची बावडी आणि अर्ध्या एचपीची मोटर

गोंदियाहून मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हट्टा रोड नावाचे स्थानक आहे. ज्या हट्ट्याचे नाव या स्थानकाला आहे, ते गाव ओळखले जाते ते तिथल्या बावडीमुळे. गोंड राजा हटेसिंग वल्के याने ती बांधली, अशी तिथली परंपरा सांगते. काळ सतराव्या-अठराव्या शतकाचा मानला जातो. दगडी पायऱ्या जमिनीखाली उतरत जातात आणि खांबांवर तोललेल्या ओवऱ्या पाण्याच्या दिशेने खाली खाली लागतात. पाहायला येणारे लोक खांब पाहतात, गारवा अनुभवतात आणि परत जातात. पण आज घरामागच्या विहिरीवर मोटर बसवून अंगणातली हिरवळ भिजवू पाहणाऱ्या माणसाने ही बावडी वेगळ्या नजरेने पाहावी, असे मला आग्रहाने वाटते. या भागात विहिरीचे पाणी एका पातळीवर थांबत नाही. श्रावणात ते वर येते, वैशाखात खोल जाते. पायऱ्या असल्या की पाण्याची पातळी बदलेल तसा माणूस चढतो-उतरतो. मोटर मात्र जिथे बसवली तिथेच राहते. घरगुती पंपाच्या बहुतेक अडचणी या एका गोष्टीतून निघतात. म्हणून मोटर किती एचपीची घ्यायची, हा प्रश्न शेवटी विचारावा. पहिला प्रश्न असा, की आपल्या विहिरीत भरपावसातले पाणी आणि मे महिन्यातले पाणी यांत किती हातांचा फरक पडतो.

हा फरक इतका महत्त्वाचा का, हे पंपाच्या स्वभावात दडलेले आहे. वर ठेवलेला पंप पाणी ओढून घेतो असे आपण म्हणतो. खरे तर तो पाइपातली हवा कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. ओढपंप साधारण साडेदहा मीटरपलीकडे पाणी चढवू शकत नाही, याची नोंद गॅलिलिओने 1638च्या ग्रंथात केली होती, आणि 1644 मध्ये तोरिचेल्लीने त्याचे कारण हवेच्या वजनात दाखवले. समुद्रसपाटीपासून जवळपास तीनशे मीटर उंचीवरच्या बालाघाट परिसरात ही मर्यादा दहा मीटरच्या आसपास येते. त्यातून पाइपाच्या घर्षणात, फूट व्हॉल्वमध्ये, कोपऱ्यांत आणि पाण्याच्या उष्णतेत काही भाग खर्च होतो. हाती उरतात सहा-सात मीटर. मोटर एका एचपीची असो की पाच एचपीची, हा आकडा बदलत नाही, कारण पाणी ढकलणारी हवा तीच असते. दुकानात ‘जास्त ताकदीची घ्या, खोलवरून ओढेल’ असे सांगितले जाते, ते या ठिकाणी चुकते. ताकद पाणी पुढे फेकायला उपयोगी पडते, खालून उचलायला नाही.

आता हट्ट्यासारख्या गावातली एखादी विहीर डोळ्यांपुढे आणा. पावसाळ्यात पाणी काठापासून दोन-तीन मीटरवर आहे आणि मे महिन्यात दहा मीटरवर गेले आहे. मोटर काठावर ठेवली तर उन्हाळ्यात तिला पाणी ओढता येत नाही. नेमकी हिरवळीला गरज असते तेव्हाच. आत कट्टा बांधून सहा मीटरवर बसवली, तर मे महिन्यात चालते आणि जुलैत बुडते. म्हणून कितीतरी ठिकाणी उन्हाळा लागला की मोटर दोरखंडाने खाली उतरवायची आणि पाऊस लागायच्या आत वर घ्यायची, अशी कसरत चालते. ही पद्धत अडाणीपणाची नव्हे. पायऱ्यांनी जे काम केले तेच इथे दोरखंड करतो. फक्त ते धोक्याचे आहे, आणि ऐन वळिवात एक दिवस उशीर झाला तर मोटर जळते.

यावर सरळ उत्तर तयार असते: सबमर्सिबल टाका, ओढीची मर्यादाच संपली. हे खरे आहे. पाण्यात बुडून राहणारा पंप पाणी वर ढकलतो, त्याला प्रायमिंग, म्हणजे सुरू करण्याआधी पाणी भरणे, लागत नाही, पावसाळ्यात बुडण्याची भीती नाही, आणि उघड्या विहिरीसाठी तळाशी आडवा ठेवायचा प्रकारही सहज मिळतो. पाण्याची पातळी सहा-सात मीटरपेक्षा खाली जाणार असेल तर तोच घ्यावा, यात मला शंका नाही. पण ओढपंपाची मर्यादा नकळत विहिरीचे रक्षण करीत होती, हेही ध्यानात घ्यायला हवे. पाणी फार खाली गेले की तो आपोआप थकत असे. सबमर्सिबल तळापर्यंत उपसतो. शिवाय त्याच्या मोटरीला थंड ठेवणारे पाणीच तो उपसून टाकतो, आणि पाणी संपल्यावरही चालू राहिला तर त्याचे वाइंडिंग जळते. म्हणजे सबमर्सिबलमुळे एक मर्यादा गेली तरी दुसरी पुढे येते, ती विहिरीच्या झऱ्यांची.

ही दुसरी मर्यादा मोजणे अजिबात कठीण नाही, तरी ती क्वचितच मोजली जाते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी म्हणजे सुमारे सात हजार लिटर. मे महिन्यात एकदा पाणी अर्धा मीटर उपसावे, म्हणजे साडेतीन हजार लिटर, आणि ते पूर्ववत भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. दहा तासांत भरले तर विहिरीत तासाला साडेतीनशे लिटर येते. दोन दिवस लागले तर जेमतेम सत्तर-पंचाहत्तर. कठीण खडकाच्या भागात साठा वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत असतो, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरींतही असा फरक पडू शकतो. अर्ध्या एचपीचा पंप मिनिटाला तीस-चाळीस लिटर, म्हणजे तासाला दोन हजारांच्या आसपास उपसतो. म्हणजे एवढी लहान मोटरही चांगल्या विहिरीच्या आवकेच्या कैक पट वेगाने पाणी काढते. त्यापुढे मोठी मोटर घेऊन काय साधणार?

हिरवळीची गरज मोजणे आणखी सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मे महिन्यातल्या उन्हात हरळीच्या हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते असे धरले, तर शंभर चौरस मीटरच्या अंगणाला पाचशे लिटर होतात. वरच्या तीन मीटर व्यासाच्या विहिरीत ही घट फक्त सात सेंटिमीटरची, आणि लहान पंपाला पाव तासाचे काम. झरे चांगले असतील तर एवढे पाणी दीड तासात परत भरते. पण झरे मंदावले असतील तर दिवसाची सारी आवक सतराशे लिटर, आणि त्यातला जवळपास तिसरा हिस्सा गवतावर जातो. एकाच अंगणाला तेवढेच पाणी दिले तरी एका विहिरीला त्याची झळ लागत नाही, दुसरीला मात्र लागते.

मोठ्या मोटरीच्या बाजूने एक व्यवहारी मुद्दा मांडला जातो आणि तो हलका नाही: वीज हवी तेव्हा नसते, असली तरी दाब कमी असतो, म्हणून असेल तेवढ्या वेळात भराभर पाणी ओढून घ्यावे. पण सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते, आणि मोटर जितकी मोठी तितका हा धक्का मोठा. दाब आधीच पडलेला असताना मोठी मोटर गुरगुरते, गरम होते, फिरत नाही. विजेच्या लहरीपणावर उपाय मोटरीत नाही, टाकीत आहे. लहान पंपाने वीज असेल तेव्हा हजार लिटरची टाकी भरून ठेवावी आणि संध्याकाळी पाइपाने पाणी द्यावे. इथे एक अडचण मात्र खरी आहे. गच्चीवरच्या टाकीतून अंगणात येणारा दाब फवाऱ्याला पुरत नाही. पाच मीटर उंचीवरून अर्धा किलो दाब मिळतो, आणि फिरत्या फवाऱ्याला दीड-दोन किलो लागतो. फवारा हवाच असेल तर पंपाच्या हिशेबात पंधरा-वीस मीटर उंची वाढते आणि मोटर खरोखर मोठी घ्यावी लागते. माझ्या मते एवढ्याशा अंगणाला फवाऱ्याची गरज नाही. भर दुपारी उडणाऱ्या थेंबांतले काही पाणी वाटेतच वाळते. साधा रबरी पाइप पहाटे फिरवला तर तेच काम कमी पाण्यात होते.

मोटरीवर वाचलेले पैसे पाइपावर घालावेत. पाणी तेवढेच वाहते ठेवून एक इंची पाइपाच्या जागी सव्वा इंची घातला, तर घर्षण जवळपास तिसऱ्या हिश्शावर येते. ओढीच्या बाजूला तर हा फायदा सोन्यासारखा, कारण तिथे एकेक मीटर मोलाचा असतो. त्या बाजूचे सांधे कमी असावेत आणि घट्ट असावेत. पाणी गळत नसलेला सांधाही हवा आत घेऊ शकतो. तीस मिलिअँपिअरची वीजगळतीरोधक कळ आणि चांगले अर्थिंग यांत काटकसर करू नये. पंप वर काढायचा तो दोरीने, केबलने कधीच नाही.

या यंत्राच्या घडणीशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली, आणि तिथे 1926 मध्ये केंद्रोत्सारी पंप तयार झाला. देशातला तो पहिला मानला जातो. मोटेने विहीर उपसायला बैलजोडी आणि माणूस तास न् तास खपत. उपशाला त्या श्रमांचीच मर्यादा होती. पंपाने माणसाचे आणि बैलांचे कष्ट वाचवले, ही मोठी गोष्ट घडली. त्याबरोबर श्रमाची मर्यादाही गेली, आणि तिच्या जागी विचारपूर्वक घातलेली मर्यादा अजून सगळीकडे आलेली नाही.

शेवटचा आक्षेप हिरवळीवरच आहे: पाणीटंचाईच्या दिवसांत गवत भिजवायचे कशाला? 1882च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाकडे धरला गेला आहे. पण मध्य प्रदेशात 1986चा पेयजल परिरक्षण अधिनियम आहे, आणि टंचाईच्या काळात घरगुती वापराखेरीज इतर उपशावर कलेक्टर निर्बंध घालू शकतो. आधी घरगुती वापर, मग बाकीचे, हा कायद्याचा क्रम मला योग्य वाटतो. तरी हिरवळ सरसकट चैन ठरत नाही. उघड्या मातीपेक्षा ती अंगण थंड ठेवते आणि धूळ बसवते. शिवाय हरळी चिवट आहे. पाणी तोडले की पिवळी पडते, मुळे जिवंत ठेवते आणि मृगाच्या सरींत पुन्हा फुटते. म्हणून विहिरीवर पंप बसवतानाच घराची आणि बागेची मोटर व पाइप वेगळे करावेत. बागेच्या पाइपाचे तोंड घराच्या पाइपापेक्षा मीटरभर वर ठेवावे, आणि पाणी त्या खुणेला टेकले की बागेची मोटर बंद करणारा फ्लोट स्विच लावावा. त्या खुणेखालचे पाणी घराच्या वापरासाठी राहील, आणि ती खूण कुठे घालायची हे मे महिन्यातल्या उपशाच्या चाचणीवरून ठरवावे.