जुन्या घड्याळांच्या वाटेने, भाग ७ : झाकणावरचं इंजिन

अकलोलीच्या कुंडांवर आंघोळीला येणाऱ्या जाणत्या बायका पाण्यात उतरण्याआधी पैंजण-जोडवी काढून पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवतात. तानसेच्या काठचं हे गरम पाणी गंधकाचं. चांदीला ते मानवत नाही. वज्रेश्वरीचं दर्शन घेऊन घाईघाईने कुंडात उतरणाऱ्यांना हे घरी गेल्यावर कळतं.

मला हे लहानपणापासून माहीत होतं, तरी व्हायचं ते झालंच. कुंडापासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. तिथल्या खिडकीलगतच्या फडताळात मी माझं झाकणावर इंजिन कोरलेलं खिशातलं घड्याळ एक अख्खा पावसाळा ठेवलं. दिवाळीच्या साफसफाईत हाताला लागलं तेव्हा झाकण तव्यासारखं काळं झालेलं. हवेतला ओलावा आणि गंधकाची वाफ, दोघांनी मिळून चांदीवर काळा थर चढवला होता. मग आमच्या घरी देवाची भांडी ज्याने लखलखीत होतात तेच मी केलं : चिंच आणि रांगोळी. काळं गेलं, त्याबरोबर इंजिनाच्या मागच्या चाकाचे आरेही गेले. धुराड्यातून निघून मागे डब्यांवरून वाहत जाणारा धूर कारागिराने केसाएवढ्या बारीक रेघांनी कोरला होता. आता त्यातल्या चार-पाच रेघा उरल्या आहेत, त्याही उन्हात तिरपं धरलं तरच दिसतात. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. दगडाने चांदी घासली तर नक्षी राहत नाही.

मागच्या भागात किल्लीने चावी द्यायची घड्याळं पाहिली. त्यानंतर वाचकांनी एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला : ‘आमच्याकडे इंजिन कोरलेलं खिशातलं घड्याळ आहे, म्हणजे आमचे पणजोबा रेल्वेत होते का?’ हा भाग त्या प्रश्नासाठी.

उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असंच येतं. इंजिनाचं चित्र आहे म्हणजे ते रेल्वेवाल्याचं नसण्याचीच शक्यता जास्त. ऐकायला हे उलटं वाटतं, पण रेल्वेच्या माणसाला घड्याळ कशासाठी लागायचं ते पाहिलं की उलगडा होतो.

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या किप्टन गावाजवळ एप्रिल १८९१ मध्ये दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. आठ माणसं गेली. एका ड्रायव्हरचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं आणि त्याला ते कळलंच नाही, असं चौकशीत पुढे आल्याचं सांगतात. समोरच्या गाडीला वाट द्यायला आपल्या हातात वेळ आहे, अशा समजुतीने तो पुढे निघाला. या अपघातानंतर क्लीव्हलँडचे जवाहिरे वेब बॉल यांच्याकडे रेल्वेच्या घड्याळांची तपासणी आली आणि त्यातून पुढे कडक नियम तयार झाले : आठवड्यात तीस सेकंदांहून जास्त फरक पडता कामा नये, किमान १७ ज्वेल हवेत, घड्याळ उभं, आडवं, उपडं कसंही धरलं तरी वेळ तीच हवी, आकडे ठळक हवेत. आपल्या प्रश्नाशी संबंध आहे तो पुढच्या दोन नियमांचा. एक म्हणजे, तबकडीवर झाकण नको. धावत्या इंजिनात एका हाताने काम करणाऱ्या माणसाला झाकण उघडत बसायला सवड नसते. दुसरा काटे फिरवण्याचा. आपण चावी बाहेर ओढून काटे फिरवतो. या घड्याळांत तसं केलं तर काटे हलतच नाहीत. आधी काचेची कडी फिरवून काढायची, तबकडीच्या काठाशी लपलेली नखाएवढी पट्टी बाहेर ओढायची, मगच काटे हलणार. खिशातून काढता-घालता चावी चुकून ओढली जाऊन वेळ सरकू नये, म्हणून ही सोय.

आता माझं घड्याळ घ्या. तबकडीवर झाकण आहे आणि इंजिन नेमकं त्या झाकणावरच आहे. चित्रासाठी झाकण हवं आणि कामासाठी झाकण नको, म्हटल्यावर ते कुणासाठी घडवलं असेल ते उघड आहे. पाठीवर इंजिन कोरलेली उघड्या तबकडीची घड्याळंही मिळतात आणि काही हौशी रेल्वेवाल्यांनी ती खिशात बाळगलीही असतील. पण रेल्वे कंपनी आपल्या माणसाला जे घड्याळ देई, त्याच्या पाठीवर चित्र नसे. तिथे अक्षरं असत.

आपल्याकडे शोधायची ती ही अक्षरं. ‘जी.आय.पी.आर.’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे : १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी नेणारी आणि पुढच्याच वर्षी कल्याणला पोचलेली. ‘बी.बी. अँड सी.आय.’ म्हणजे विरार-वसईची पश्चिमेकडची रेल्वे. आमचा भिवंडी तालुका या दोन्ही रेल्वेंच्या मधल्या बेचक्यात, म्हणून इकडच्या जुन्या घरांत दोन्हींपैकी कुठलीही अक्षरं निघू शकतात. अक्षरांखाली बहुधा एक आकडा असतो, तो कंपनीच्या नोंदवहीतला. आणखी एक खूण लक्षात ठेवा : ५ नोव्हेंबर १९५१ ला या दोन रेल्वे मध्य आणि पश्चिम झाल्या. त्यामुळे जुनी अक्षरं असलेलं घड्याळ त्या तारखेच्या आधी दिलं गेलेलं, असं धरायला हरकत नाही. तबकडीवर पुष्कळदा ‘वेस्ट एंड वॉच कंपनी’ आणि खाली मुंबई, कलकत्ता अशी शहरांची नावं दिसतात. यंत्र स्विस, पेढी इथली.

अशा साध्या, नक्षी नसलेल्या घड्याळावर केवढा भार असे! गार्डाने गाडी सुटण्याआधी स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवायचं, ती वेळ ड्रायव्हरला सांगायची आणि ड्रायव्हरने त्याबरहुकूम आपलं लावायचं, असा रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांतच नियम आहे. मुख्य स्टेशनांना रोज सोळा वाजता प्रमाणवेळ कळवली जाते. एका माणसाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात वेळ अशी हातोहात जात असे. अक्षरांचं घड्याळ हातात घेतलं की मला आधी तो प्लॅटफॉर्मवरचा क्षण दिसतो.

मग इंजिनाची घड्याळं घेतली कुणी? ज्यांना आगगाडीचं अप्रूप होतं त्यांनी. दुकानदार, सावकार, कंत्राटदार, नवी नोकरी लागलेला कारकून. आगगाडी म्हणजे वक्तशीरपणा, आणि तो वक्तशीरपणा आपल्या खिशात असावा अशी हौस. स्विस कारखानदारांनी ती बरोबर ओळखली होती. तबकडीवर ‘रेग्युलेटर’ किंवा ‘रेल्वे टाइमकीपर’ लिहायचं, पाठीवर धूर सोडणारं इंजिन उठवायचं आणि आत साधं यंत्र बसवायचं. ते साधं यंत्र बहुतेक वेळा रॉसकोफ धाटणीचं.

रॉसकोफबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या इंजिनांच्या घड्याळांत हीच जास्त सापडतात. जॉर्ज फ्रेडरिक रॉसकोफ या कारागिराने १८६७ मध्ये कष्टकऱ्यांना परवडेल असं घड्याळ बाजारात आणलं. किंमत २० फ्रँक, आत जेमतेम ५७ भाग. नेहमीचं मधलं चाक त्याने काढून टाकलं आणि कमानीचा डबा मोठा केला. लंगराला माणकाचे तुकडे लावण्याऐवजी पोलादाच्या दोन बारीक खिळ्या बसवल्या. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात या घड्याळाला कांस्यपदक मिळालं. रॉसकोफचं स्वतःचं काम प्रामाणिक होतं. पुढे त्याच्या नावावर ज्यांनी वाटेल तसा माल काढला त्यांच्यामुळे हे नाव स्वस्त झालं. जुना घड्याळजी रॉसकोफ उघडून नाक मुरडतो, ते मला पटत नाही. खिशात घड्याळ असणं ही साहेबाची आणि शेटजीची मिरास होती, ती या माणसाने मोडली.

आणखी एक गंमत. अशा घड्याळाचा मालक त्यावर वेळ कुठली लावत असेल? १८७० पासून रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची. मुंबईची स्थानिक वेळ त्यापेक्षा सुमारे अर्धा तास मागे. कल्याण स्टेशनावर घड्याळात नऊ वाजले, तर गावात सूर्याच्या हिशोबाने साडेआठ. १८८१ मध्ये मुंबई सरकारने कचेऱ्यांनाही मद्रास टाइम लावायला सांगितलं तेव्हा शहरात केवढा तरी विरोध झाला आणि दोन वर्षांत तो हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, ती मुंबई टाइमपेक्षा ३९ मिनिटं पुढे, आणि मुंबईने आपला टाइम त्यानंतरही कित्येक वर्षं सोडला नाही. म्हणजे झाकणावर इंजिन मिरवणाऱ्या माणसाला गाडी पकडायची झाली की मनातल्या मनात अर्धा तास मिळवावा लागे. स्वतःचं घड्याळ बरोबर असूनही गाडी चुकलेली माणसं त्या काळात किती असतील!

आता घेताना काय पाहायचं ते. सगळ्यात आधी घड्याळ कानाला लावा. सेकंदाला एकच टक् ऐकू आला तर आत बॅटरी आहे. पितळी रंगाची, झाकणावर जाडजूड इंजिन उठवलेली आणि मुद्दाम काळपटवलेली अशी नवी घड्याळं जुन्या बाजारांत ‘अंग्रेजी जमान्याची’ म्हणून सर्रास विकली जातात. जुनं यंत्र साधारणपणे सेकंदाला पाच टकटक करतं, ती एकसलग ऐकू येते. मग पाठ उघडायला सांगा. विकणारा का-कू करू लागला तर घड्याळ खाली ठेवा. आतल्या बाजूला बारीक उभं अस्वल दिसलं तर स्विस चांदी, हजारात ८७५ भाग. रानकोंबड्यासारखा पक्षी दिसला तर ८००. काहीच नसेल तर निकेल किंवा जर्मन सिल्व्हर, आणि त्यात कमीपणा नाही. बहुतेक रॉसकोफ तशीच असतात.

त्यानंतर इंजिनाकडे पाहा. हाताने कोरलेल्या रेघेला खोली कमी-जास्त असते, नख फिरवलं की ते जाणवतं. ठशाने उठवलेलं चित्र सगळीकडे सारखं असतं आणि झिजतं ते आधी उंचवट्यावर : धुराड्याचा काठ, बॉयलरची पाठ. इंजिनावर मोठी घंटा, पुढे भला थोरला दिवा आणि कोबीच्या गड्ड्यासारखं धुराडं असेल तर कारागिरासमोर अमेरिकन इंजिन होतं. पाचटोकी तारा किंवा रशियन अक्षरं दिसली, तर ते बहुधा १९४७ मध्ये सुरू झालेल्या चेल्याबिन्स्कच्या मोल्निया कारखान्याचं. शंभर वर्षांचं म्हणून त्याचे पैसे देऊ नका. मात्र यंत्र दणकट असतं, मी स्वतः एक रोज वापरतो.

जपण्याबद्दल मी जे नुकसान सोसून शिकलो ते असं. चांदीचं घड्याळ सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. लोकर आणि रबर जवळ नको, दोन्हींत गंधक असतं. काळेपणा आला तर मऊ सुती फडक्याने हलकेच पुसा आणि रेघांमधलं काळं तसंच राहू द्या. त्या काळ्यामुळेच इंजिन उठून दिसतं.

माझ्या घड्याळाच्या पाठीच्या आतल्या बाजूला, अस्वलाच्या शिक्क्याशेजारी, टोकदार सुईने ओढलेल्या तीन खुणा आहेत. दोन रोमन आकडे आणि तिसरी मोडीत. कुणी कुणी घड्याळजींनी हे घड्याळ दुरुस्त करून आपापली नोंद तिथे ठेवली. मोडीतली खूण मला अजून पूर्ण लागलेली नाही. पहिलं अक्षर ‘भि’ आहे एवढं नक्की. पुढच्या आठवड्यात या खुणांविषयी.