अँटिगनी : एका जुन्या शोकनाट्याचा नवा अवतार

कार्ल्याच्या लेण्यातील चैत्यगृह आमच्या मावळातील बहुतेक विद्यार्थ्यांनी पाहिलेले असते. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत, व त्यांपैकी कित्येक दाते आपणांस धेनुकाकटचे ‘यवन’ म्हणवितात. यवन हे नाव आपल्याकडे मूळचे ग्रीक लोकांचे. पुढे ते पश्चिमेकडून आलेल्या इतर परकीयांसही लागले. सारांश, सुमारे १९०० वर्षांपूर्वी ग्रीकांच्या नावाने ओळखली जाणारी माणसे आमच्या या डोंगरात दान देऊन गेली आहेत. ग्रीकांची जगास मिळालेली मोठी देणगी मात्र दगडात नसून शब्दांत आहे. ती म्हणजे त्यांची शोकपर्यवसायी नाटके होत. त्यांतील एका नाटकाचा, व त्यास आधुनिक काळी मिळालेल्या नव्या रूपाचा, परिचय वाचकांस करून द्यावा असे आम्ही योजिले आहे.

अथेन्सचा कवी सोफोक्लीज याने ‘अँटिगनी’ हे नाटक इ. स. पूर्वी ४४१ च्या सुमारास लिहिले. त्या काळी डोंगराच्या उतारावर, उघड्या आकाशाखाली, दिवसाउजेडी प्रयोग होत. सर्व भूमिका पुरुषच मुखवटे घालून करीत. रंगभूमीवर नगरवासीयांचा एक वृंद असे. पोवाड्यातील झीलकऱ्यांप्रमाणे तो एकसुरात गाई. परंतु तेवढ्यावर न थांबता तो राजाशी बोले, त्यास सल्ला देई, आणि कित्येकदा भीतीने गप्पही बसे.

कथा अशी आहे. थीब्ज नगरीच्या राज्यासाठी दोघे सख्खे भाऊ लढले व एकमेकांच्या हातून मारले गेले. त्यांचा मामा क्रेऑन गादीवर आला. नगरीचे रक्षण करताना पडलेल्या भाच्यास त्याने सन्मानाने मूठमाती दिली. शत्रूचे सैन्य घेऊन चालून आलेल्या दुसऱ्या भाच्याचे, पॉलिनायसीझचे, प्रेत मात्र कोल्ह्यागिधाडांसाठी उघड्यावर टाकावे, व जो कोणी ते पुरील त्यास देहान्त शिक्षा व्हावी, अशी दवंडी पिटविली. मृतांची बहीण अँटिगनी हिने ती आज्ञा मोडली. तिने भावाच्या देहावर मूठभर माती टाकली, पहारेकऱ्यांच्या हाती सापडली, आणि केलेले कृत्य राजासमोर निर्भयपणे कबूल केले.

शत्रूच्या प्रेतासाठी एवढा हट्ट कशास, असे कोणी विचारील. पण आपल्या देशातही वैर मरणापाशी संपते असेच मानले गेले आहे. रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करण्यास श्रीरामानेच बिभीषणास सांगितले. पवित्र शास्त्रात, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, रिस्पा नावाच्या मातेची हकीकत आहे. फाशी गेलेल्या आपल्या मुलांच्या प्रेतांपाशी ती खडकावर गोणपाट पसरून बसली, आणि दिवसा पाखरांस व रात्री श्वापदांस तिने त्यांजजवळ फिरकू दिले नाही. ज्या दावीद राजाने त्यांस मृत्यूच्या हवाली केले होते, त्यानेच हे ऐकून त्यांच्या अस्थी गोळा करविल्या. दावीदाने ऐकले, क्रेऑनने ऐकले नाही. सोफोक्लीजच्या नाटकाचे सारे दुःख या एका भेदात साठविलेले आहे.

क्रेऑन हा केवळ दुष्ट राजा होय, असे समजणे बरोबर नाही. नगरीवर शस्त्र धरणाऱ्यास व तिच्यासाठी मरणाऱ्यास एकच मान कसा द्यावा, हा त्याचा प्रश्न पोकळ नाही. आप्तांसाठी कायदा वाकविला तर तो इतरांनी का पाळावा, हेही तो योग्यच विचारतो. अँटिगनीचे उत्तर असे की, कालपरवाच्या मानवी आज्ञांहून जुने, देवांचे अलिखित नियम आहेत, व ते मोडण्याचा अधिकार कोणत्याही राजास नाही.

या दोघांमध्ये उभा राहतो हीमन. तो क्रेऑनचा मुलगा व अँटिगनीचा वाग्दत्त वर. तो बापाशी प्रथम उद्धटपणाने बोलत नाही. नगरीतील लोक राजाच्या भीतीने गप्प आहेत, पण मनात त्या मुलीसाठी हळहळत आहेत, एवढे तो नम्रपणे सांगतो. इंद्रायणीस पूर आला म्हणजे काठची लवचीक झुडपे वाकून तगतात व ताठ उभी झाडे मुळासकट वाहून जातात, हे मावळच्या मुलांस सांगावयास नको. हीमनही बापास पुरातील झाडांचाच दाखला देतो. ‘या वयात मी तुजकडून शहाणपण शिकावे काय?’ अशा अर्थाचे उत्तर त्यास मिळते. अँटिगनीस जिवंतपणी डोंगरातील गुहेत कोंडले जाते. पुढे अंध द्रष्टा टायरेसियस याच्या इशाऱ्याने क्रेऑन वरमतो. आधी मुलीस सोडवावे असे वृंद त्यास सांगतो. तो मात्र आधी प्रेताची व्यवस्था करून मग गुहेकडे जातो. तोवर तिने गळफास घेतलेला असतो. हीमन तिथेच प्राण देतो, आणि ती वार्ता ऐकून राणीही. राजा शहाणा होतो, पण तेव्हा त्याच्या घरात कोणी उरलेले नसते.

आता नव्या अवताराकडे वळू. फ्रेंच नाटककार जाँ अनुई याने हीच कथा घेऊन लिहिलेले नाटक फेब्रुवारी १९४४ मध्ये पॅरिस येथे रंगभूमीवर आले. ते शहर १९४० पासून जर्मन सैन्याच्या ताब्यात होते, व प्रयोगास त्यांच्याच अधिकाऱ्यांची परवानगी लागे. अनुईने पात्रांस आधुनिक पोशाख दिला. भावास माती देण्यासाठी अँटिगनीच्या हाती लहान मुलाचे खेळण्यातले फावडे दिले. आणि द्रष्ट्यास व देवांस वगळले. त्याचा क्रेऑन थकलेला, समंजस कारभारी आहे. तो भाचीस वाचवू पाहतो. दोघेही भाऊ सारखेच नीच होते, व सन्मानाने पुरलेला देह नेमका कोणाचा हेही आपणांस ठाऊक नाही, असे तो तिला सांगतो. ती क्षणभर डळमळते. पण लग्न करून सुखाने राहा, असे तो म्हणताच ती पुन्हा उसळते. तडजोडीने मिळणारे बेताचे सुख तिला नको असते. येथे तिच्या पाठीशी कोणताही दैवी नियम नाही. आहे तो केवळ तिचा नकार.

प्रेक्षकांत मतभेद झाले. कित्येकांस तिच्यात परक्या सत्तेस नाही म्हणणारा आपला देश दिसला. कित्येकांस क्रेऑनचीच बाजू सबळ केली गेली असे वाटून त्यांनी लेखकास दोष दिला. आमच्या मते हे नाटकाच्या सच्चेपणाचेच लक्षण होय. कथा तीच राहिली. कोणाचे म्हणणे नीट ऐकावे, एवढेच नव्या लेखकाने बदलले.

दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरील तुरुंगात कैद्यांनी हे नाटक केले, तेव्हा नेल्सन मंडेला यांनी भूमिका केली ती क्रेऑनची! त्याच बेटावरील दोन कैदी ‘अँटिगनी’चा प्रवेश बसवितात, अशा कथेचे ‘द आयलंड’ हे नाटक १९७३ मध्ये आले. मराठी रंगभूमीही या परंपरेस परकी नाही. अँटिगनीच्या पित्याची कथा सांगणारे सोफोक्लीजचे नाटक पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणले, आणि डॉ. श्रीराम लागू यांच्या गाजलेल्या नाटकांत ‘अँटिगनी’चेही नाव आहे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढील स्नेहसंमेलनात हीमन व क्रेऑन यांचा संवाद अवश्य बसवावा. मात्र दोन प्रयोग करावेत, व दुसऱ्या वेळी भूमिकांची अदलाबदल करावी. जो विद्यार्थी काल मुलाच्या बाजूने तावातावाने बोलला, त्याला आज राज्याची काळजी वाहणाऱ्या बापाच्या तोंडचे शब्द शोधावे लागतील. पालकांनीही तो प्रवेश पाहावयास यावे. मुलाने नम्रपणे मांडलेला विरोध आपल्या घरी कोणत्या शब्दांनी थांबविला जातो, हे तेथे त्यांच्या कानी पडण्याचा संभव आहे. क्रेऑनास ते ऐकू आले, पण फार उशिरा.