ब्लॅकथॉर्न आणि इंग्लंडमधील ग्रामनामे

संदिग्ध द्रव्यांचा प्रश्न केवळ आपल्या निघण्टूंपुरता आहे, असा समज असल्यास तो दूर व्हावा म्हणून आम्ही येथे इंग्लंडमधील एका काटेरी झाडाचा विचार करीत आहोत. ब्लॅकथॉर्न म्हणजे प्रूनस स्पायनोसा; आपल्या पद्मकाचे हे सजातीय. साल काळसर, काटे तीक्ष्ण, फळ निळे-काळे व अत्यंत कषाय. त्या फळास ‘स्लो’ म्हणतात.

जुन्या इंग्रजीत या फळाचे नाव ‘स्लाह’ असे होते. नॉरफकमधील स्लोली म्हणजे स्लोच्या झाडांची वनातील मोकळी जागा, तर ससेक्समधील स्लॉगम (स्थानिक उच्चार ‘स्लॅफम’) म्हणजे जेथे स्लो वाढतो ती वस्ती. ही नावे निःसंदिग्ध होत. परंतु लंडनजवळच्या स्लाऊ या गावाचे नाव चिखल या अर्थाच्या शब्दापासून आले आहे. लेखनसाम्यावरून त्यात ब्लॅकथॉर्न शोधणे व्यर्थ होय.

खरी अडचण ‘थॉर्न’ या शब्दाची. अँग्लो-सॅक्सन काळातील जमिनीच्या सनदांत हद्दीच्या खुणा म्हणून ज्या झाडांचा निर्देश येतो, त्यांत थॉर्न सर्वाधिक आढळतो. मिडलसेक्समधील स्पेलथॉर्न या जुन्या विभागाच्या नावाचा अर्थ ‘भाषणाचा काटेवृक्ष’, अर्थात ज्याच्याखाली सभा भरे ते झाड. पण ते कोणते? ब्लॅकथॉर्न की हॉथॉर्न (क्रॅटेगस मोनोगायना)? नाव काहीच सांगत नाही. इ. स. ८७१ मधील ॲशडाउनच्या लढाईचे वर्णन करताना राजा आल्फ्रेडचा चरित्रकार बिशप ॲसर याने ८९३ मध्ये तेथील एका ठेंगण्या काटेरी झाडाचा उल्लेख केला असून ते आपण स्वतः पाहिल्याचे नमूद केले आहे. त्याने वापरलेले लॅटिन विशेषण ‘स्पिनोसा’. एवढ्यावरून ते झाड ब्लॅकथॉर्नच होते असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु लिनिअसने हे विशेषण ब्लॅकथॉर्नच्या नावास जोडले ते १७५३ मध्ये. ॲसरच्या लेखी त्याचा अर्थ ‘काटेरी’ इतकाच. आमच्या मते येथे अनिश्चितता मान्य करणे हेच शास्त्रशुद्ध.

केरळात ‘रास्ना’ म्हणून अल्पिनिया गलंगा व उत्तरेत प्लुचिया लॅन्सिओलाटा वापरतात, हे जाणणाऱ्या वैद्यांस हा गुंता नवा नाही.

प्रत्यक्ष झाडे समोर असता भेद सोपा आहे. ब्लॅकथॉर्नची पांढरी फुले मार्च-एप्रिलमध्ये पानांच्या आधी येतात, हॉथॉर्नची पाने फुटल्यानंतर, बहुधा मे महिन्यात. त्याचे फळ लाल असते. सुकलेल्या मालात मात्र नावावरच भिस्त राहते, आणि औषधीदृष्ट्या फरक मोठा आहे. हॉथॉर्नची पाने, फुले व फळे युरोपात हृदयासाठी वापरली जातात. हृदयरोगाची औषधे चालू असलेल्या रुग्णास ती देताना सावधगिरी हवी. ब्लॅकथॉर्नचे फळ ग्राही. त्याच्या बीमज्जेत सायनाइड निर्माण करणारे द्रव्य असते, म्हणून बियांसह कुटलेले चूर्ण टाळावे. आयात मालाच्या पावतीवर नुसते ‘थॉर्न’ असल्यास औषधनिर्मात्यांनी लॅटिन नाव व प्रयोज्यांग लिहून मागावे, आणि ते मिळेपर्यंत माल वेगळा ठेवावा.