मनातला तंटा कोणाकडे न्यायचा?

३ मे २०२५ च्या पहाटे गोव्यातल्या शिरगावात श्री लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली. किमान सहा जण दगावले, सत्तरहून अधिक जखमी झाले. जखमींना डिचोली, म्हापसा आणि गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत हलवलं. मोडलेल्या हाडाची वाट अशी ठरलेली असते. गर्दीत ज्याच्या हातून आपल्या माणसाचा हात सुटला, त्याच्या रात्रींची नसते.

जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका सांगते, की आधी सुरक्षितता पाहा, पाणी द्या, घरच्यांशी गाठ घालून द्या. घडलेलं खोदून विचारू नका. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न नेमका तोच विचारतो.

गोव्यात या कामाचा पाया मात्र भक्कम आहे. १९९६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘संगाथ’ ही संस्था उभारली. तज्ज्ञ पुरे पडणार नाहीत, हे गृहीत धरून त्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेली स्थानिक माणसं समुपदेशक म्हणून तयार केली. या समुपदेशकांच्या ‘मानस’ प्रयोगात १२ सरकारी आणि १२ खासगी दवाखाने होते. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण ४२.५ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी स्वच्छ छापलं. पुढे २०१७ मध्ये अभिजित नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी अशाच समुपदेशकांचा दारूच्या प्रश्नावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. दारूपायी मोडलेल्या घरांची मोजदाद कोणत्या खात्यात होते?

पण हे सारं एकेका माणसाचं. गावच्या गाव दुखावतं तेव्हा काय?

डिचोलीत खाणी २०१२ मध्ये थांबल्या, सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. कर्ज काढून ट्रक घेतलेला आणि शेतात खाणीचा गाळ आलेला, दोघे एकाच वाड्यावर राहतात. पेडण्यात मोपा विमानतळासाठी धनगर कुटुंबं हलली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन झालं, त्यानंतर स्थानिक टॅक्सीवाले रस्त्यावर उतरले. भरपाई, परवाने, न्यायालय यांवर पानंच्या पानं छापून आली. ग्रामसभेतून घरी परतलेल्या दोन भावांमधला अबोला बातमीत बसत नाही.

अशा सामूहिक दुखण्याकडे पाहणारे मनोविश्लेषक सुधीर कक्कर उत्तरायुष्यात बाणावलीला राहिले. २०२४ मध्ये ते गेले. १९९० च्या हैदराबाद दंगलीनंतर ते हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांतल्या पहिलवानांशी आणि होरपळलेल्या कुटुंबांशीही बोलले. त्यातून १९९६ चं पुस्तक झालं. शत्रूची प्रतिमा मनात कशी घडते, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांनी समेटाची कृती दिली नाही. समेटाआधी काय ऐकून घ्यावं लागतं, ते मात्र दाखवलं.

गोव्यात देवस्थानांच्या मानपानाचे तंटे मामलेदारापुढे जातात, कारण कायद्याने तोच देवस्थानांचा प्रशासक. तो आदेश काढतो. पुढच्या वर्षी तीच घराणी पालखीपाशी पुन्हा समोरासमोर उभी राहतात. ‘संगाथ’च्या धर्तीवर प्रशिक्षित स्थानिक माणूस आधी ऐकून घेण्यासाठी तिथे नेमून पाहायला हरकत नाही. तो तालुक्यातला हवा, आणि गावातल्या कुठल्याच गटाचा नको. डिचोली-पेडण्यात दुसरी अट पहिलीपेक्षा जड जाईल.