गटात येणारे विद्यार्थी नेमकं शिकतात काय?

कॉलेजं सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की आपल्या गटाच्या बैठकीत दोन-तीन नवे चेहरे दिसू लागतात. खांद्याला पिशवी, हातात वही, आणि "काकू, आम्ही बीएसडब्ल्यूचे विद्यार्थी" अशी ओळख. आपण चहा देतो, फोटोला उभ्या राहतो, आणि ती गेली की एकमेकींना विचारतो, "ही पोरं शिकतात तरी काय?" आता तर आपल्यातल्या काहीजणींच्या मुलीही बारावीनंतर हेच शिकायचं म्हणतात. म्हणून आज त्याबद्दल बोलूया.

आधी एक फरक समजून घेऊ. शेजारीण आजारी पडली, आपण तिच्या घरी भाकरी पोचवली, ही झाली समाजसेवा. तिला शिक्षण लागत नाही, मन लागतं. समाजकार्य मात्र शिकून करायचा व्यवसाय आहे, जसा नर्सचा किंवा शिक्षिकेचा. आपल्या देशात त्याचं शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं. तीच संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते, आणि तिचं एक केंद्र तुळजापूरलाही आहे. बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी. बारावीनंतर कोणत्याही शाखेतून जाता येतं आणि ती तीन वर्षांची असते. नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षाचीही सोय आहे. पुढे दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू. मी स्वतः बी.ए. आहे, माझ्यासारख्या दुसरी पदवी घेतलेल्यांनाही एमएसडब्ल्यूला बहुतेक ठिकाणी जाता येतं.

या शिक्षणात निम्मा जीव पुस्तकात असतो आणि निम्मा क्षेत्रकार्यात. क्षेत्रकार्य म्हणजे आठवड्यातले साधारण दोन दिवस एखाद्या संस्थेत, दवाखान्यात, शाळेत किंवा आपल्यासारख्या गटात जाऊन काम करायचं. काय पाहिलं, काय केलं, याचा अहवाल लिहायचा. मग कॉलेजचे मार्गदर्शक शिक्षक तो वाचतात आणि विद्यार्थ्याला समोर बसवून विचारतात, "तू असं का बोललास? ती बाई गप्प का झाली?" खरं शिक्षण या प्रश्नांतून होतं.

त्यांना कामाच्या मुख्य तीन पद्धती शिकवतात. एका उदाहरणाने पाहू. समजा, गटातल्या एका बाईचे दोन हप्ते थकले. बैठकीत कुणी म्हणतं, "दंड लावा." शिकलेली कार्यकर्ती आधी तिला एकटीला भेटते. सल्ला देत नाही, ऐकून घेते. तेव्हा कळतं, की मजुरीचे पैसे नवरा काढून घेतो आणि दारूत घालवतो. आता काय करायचं, हे ती बाईच ठरवते. कार्यकर्ती फक्त वाटा दाखवते. याला म्हणतात व्यक्ती सहयोग कार्य. मग गटात, त्या बाईचं नाव न घेता, चर्चा घडवायची, की हप्ता थकला तर चारचौघीत लाज न आणता काय नियम ठेवावा. हे गट कार्य. आणि अशा पाच-दहा घरांची हीच कथा असेल, तर प्रश्न गावाचा झाला. परवानाधारक दारू दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात महिलांचं मतदान घेता येतं. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं, तर दुकान बंद होतं. लक्षात घ्या, मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त. म्हणून घरोघर फिरून बायकांना मतदानापर्यंत आणावं लागतं. हे समुदाय संघटन. अडचण एकच, पण ती तीन पायऱ्यांनी सोडवायची.

आता मुलींच्या आयांसाठी. नोकरी कुठे मिळते? सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, समुपदेशक असतात. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात, सखी वन स्टॉप सेंटरमध्ये, उमेद आणि माविमच्या कामात, स्वयंसेवी संस्थांमध्ये, कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या कामात जागा निघतात. महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तालयात सुरू झाला. पोलिसांच्याच आवारात, पण पीडित बाईचं ऐकायला शिकलेले समाजकार्यकर्ते बसलेले. आज तो राज्यभर पोचला आहे. बाल न्याय मंडळावरही दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्यात एक तरी बाई असावीच लागते.

पण दुसरी बाजूही ऐका. यातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, फिरती खूप असते, आणि मोठ्या पदांना एमएसडब्ल्यू मागतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजात जाऊन चार गोष्टी विचारा. कॉलेज अनुदानित आहे का? कारण फीमध्ये मोठा फरक पडतो. क्षेत्रकार्याला मुलांना कुठे पाठवतात, आणि जाण्यायेण्याचा खर्च कोण करतं? मार्गदर्शक शिक्षक प्रत्यक्ष भेटीला जातात का? मागच्या वर्षी पास झालेल्या मुली आज कुठे काम करतात? शिष्यवृत्तीला पात्र असाल, तर महाडीबीटीवरचा अर्ज आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत तयार ठेवा.

आता आपल्या गटाचं काम. विद्यार्थी आपल्याकडे शिकायला येतात, म्हणजे आपला गट हा त्यांचा वर्ग आहे. वर्गाला शिस्त हवी. पहिल्या दिवशी कॉलेजचं पत्र आणि मार्गदर्शकांचं नाव-नंबर मागा. विचारल्याशिवाय फोटो काढू देऊ नका. अहवालात बाईचं खरं नाव लिहायचं नाही, हे स्पष्ट सांगा. एका बाईचं दुःख दुसऱ्या गावात पोचलं, तर ती पुन्हा तोंड उघडणार नाही. गटाचे पैसे आणि पासबुक त्यांच्या हातात देऊ नका. "कर्ज मिळवून देतो" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबवा, कारण त्या पोराकडे तो अधिकार नाही. इतिवृत्त त्यांच्याकडून लिहून घेऊ नका. लिहायला शिकवा म्हणावं. वर्ष संपलं की ती जाणार आणि वही आपल्याकडेच राहणार.

त्या बदल्यात आपणही हातचं राखू नका. व्याज कसं काढतो, भांडण कसं मिटवतो, बँकेत साहेब टाळायला लागले तर काय करतो, हे पुस्तकात सापडत नाही. आणि मार्गदर्शक शिक्षक भेटीला आले, तर "पोरं चांगली आहेत हो" एवढ्यावर सोडू नका. कोण वेळेवर येतं, कोण नीट ऐकतं, कोण मध्येच मोबाईल बघतं, सगळं सांगा. उद्या हाच मुलगा दवाखान्यात, हीच मुलगी विशेष कक्षात टेबलापलीकडे बसणार आहे, आणि टेबलाच्या अलीकडे आपलीच लेक-सून असेल.

तेव्हा पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि गटात येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आपले नियम काय, याचा ठराव इतिवृत्तात लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.